माशाक इचार

नंदनवनमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला गेल्या दिवाळीनंतर एक फॅमिली रेस्टॉरंट उघडलं. मेनूकार्डाच्या चौथ्या पानावर ‘कोकण स्पेशल’ असा मथळा आणि त्याखाली ओळीने: चिकन मालवणी, मटण मालवणी, सुरमई मालवणी, रोहू मालवणी, अंडा मालवणी, पनीर मालवणी. मी मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचा. पनीर मालवणी हा पदार्थ आयुष्यात पहिल्यांदा नागपुरात पाहिला. अर्थातच मागवला. लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, तळाशी भाजलेल्या खोबऱ्याचा चोथा. खरं सांगायचं तर वाईट नव्हता. रोटीबरोबर बराच लागला.

सोबत ऑफिसमधला मित्र होता, इथलाच, हसनबागचा. दोन घास खाऊन तो म्हणाला, “तुमचं मालवणी म्हणजे आमचं सावजीच आहे ना बे, फक्त खोबरं जास्त.”

मी भांडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला उत्तर येत नाही. सत्तावीस वर्षं जे जेवलो ते सावजी नाही एवढं मला माहीत होतं. पण मग ते काय आहे? “आमच्यात कोकम घालतात” असं काहीतरी पुटपुटलो. नंतर कित्येक दिवस ते उत्तर डोक्यात खुपत राहिलं. हा लेख म्हणजे त्या मित्राला उशिरा दिलेलं उत्तर आहे. त्यात तो निम्मा बरोबर निघतो, हे आधीच सांगून टाकतो.

त्या मेनूकार्डावर ‘मालवणी’ हा शब्द जे काम करतो ते माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच ओळखू येतं. ते एक फंक्शन आहे. आत काहीही टाका, कोंबडी, अंडं, पनीर. बाहेर येताना ते लाल आणि तिखट होऊन येतं. यूट्यूबवर ‘मालवणी’ असं शोधा, तिथेही हेच. व्हिडिओच्या पहिल्या मिनिटात मसाल्याचं पाकीट किंवा बरणी दिसते, आणि तिथून पुढे पदार्थ कुठलाही असो, गोष्ट एकच असते. मुंबईच्या उपनगरांत दरवर्षी भरणाऱ्या मालवणी महोत्सवांतले स्टॉल आठवा: कोंबडी-वडे, सुरमई फ्राय, सोलकढी, आणि पुन्हा कोंबडी-वडे. आमच्या घरी वडे होत ते पाहुणे आले की, नाहीतर सणाला-जत्रेला. बाकीचे साडेतीनशे दिवस आम्ही काय खात होतो, ते या चवीत कुठेच नाही.

हे असं का झालं याचा दोष हॉटेलवाल्यांना देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण गोष्ट जुनी आहे, आणि तिचा बराचसा भाग आदर वाटावा असा आहे. कोकणातले पुरुष मुंबईच्या कापडगिरण्यांत गेले, एकेका खोलीत दहा-बारा जण राहिले आणि खानावळीत जेवले. त्या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक बायका. घरच्या चुलीवर रोज पंधरा-वीस माणसांचं जेवण, उधारीवर, पाळीच्या वेळा सांभाळून. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उठलं, पण तोवर ‘मालवणी जेवण’ नावाची गोष्ट मुंबईत रुजली होती. मालवणी बोलीचंही साधारण तेव्हाच असं झालं. १९८० साली ‘वस्त्रहरण’ आलं आणि गावाबाहेर आपली बोली दडवणारी माणसं ती ऐकायला तिकीट काढून जाऊ लागली.

आता त्या खानावळीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गावाहून काय येऊ शकतं? उन्हाळ्यात कांडलेला मसाला येतो. तो कोरडा असतो, बरणीत वर्षभर टिकतो, एसटीच्या टपावर बसून येतो. आमसुलं येतात, सुकी मासळी येते. सकाळी किनाऱ्याला लागलेला बांगडा येत नाही. मुंबईला समुद्र आहे, मासे आहेत, पण गिरणी कामगाराच्या खानावळीत पोचणारा मासा काही पहिल्या वाट्यातला नसणार. अशा वेळी जे पोचतं त्याच्यावरच गावाची चव उभी करावी लागते. त्या बायकांनी ती केली, आणि मसाला हाच गाव झाला. गरजेतून झालेली ती तडजोड होती. माझी तक्रार पुढच्या लोकांबद्दल आहे, ज्यांनी ती तडजोड हीच मूळ पाककृती समजून छापली, शूट केली आणि पाकिटात भरली. आणि त्या लोकांत मीही आहे.

२०२१ मध्ये वर्क फ्रॉम होमच्या काळात मी आचऱ्याला होतो. दुपारी मीटिंग नसली की आजीला समोर बसवून फोनवर रेकॉर्ड करायचो. स्प्रेडशीट केली होती. रकाने: पदार्थ, साहित्य, प्रमाण, वेळ, कृती. एकेचाळीस पदार्थ भरले. घरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मुंबईच्या आत्याने तर प्रिंट काढली. आजी गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली. पनीर मालवणी खाऊन आल्यावर मी ती शीट उघडली आणि हेडफोन लावून मूळ रेकॉर्डिंग ऐकायला लागलो. चौथ्या की पाचव्या फाइलमध्ये मी विचारतो, “मालवणी मसाला किती घालूचा?” विषय बांगड्याच्या तिखल्याचा. आजी क्षणभर गप्प. मग म्हणते, “तिखल्यात खंयचो मसालो?” मी तरी रेटतो, “बरा, मगे मिरची किती?” आणि ती वैतागून म्हणते, “माका कित्याक इचारतंस? माशाक इचार.”

शीटमध्ये मी काय लिहिलंय? ‘मालवणी मसाला: दोन चमचे (ऐच्छिक).’

ती नको म्हणाली होती आणि मी ‘ऐच्छिक’ लिहिलं. कारण इंटरनेटवरच्या सगळ्या कृतींत मसाला होता. आजी विसरली असेल असं मला वाटलं. पुढच्या फाइलींत हेच पुन्हा पुन्हा होतं. मी ‘किती’ विचारतो, ती ‘कसो’ सांगते, आणि मी तिचं उत्तर आवाज कमी-जास्त झाल्यासारखं सोडून देतो.

मराठी पाककृतीच्या लेखनाकडे या बाजूने पाहिलं तर माझी चूक फार नवी नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं. हजार हा आकडा नावातच आहे, म्हणजे मोजणी पहिल्या पानाआधीच सुरू. मग १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. तिने तोळे-मासे बाजूला ठेवून घरातली वाटी आणि चमचा हे माप पानावर आणलं. घर सोडून शहरात आलेल्या, सासू-आई जवळ नसलेल्या लाखो मुलींना त्या वाटीने स्वयंपाक शिकवला, आणि मी बॅचलर म्हणून हैदराबादला पहिली नोकरी करत होतो तेव्हा मलाही. पण वाटीचं माप कशाला लागू पडतं? रव्याला, बेसनाला, साखरेला. नागपूरचा रवा आणि सांगलीचा रवा यांत फार फरक नसतो. जिन्नस सगळीकडे सारखाच असेल तर प्रमाण सांगितलं की कृती संपली. मासा सगळीकडे सारखा नसतो. एकाच टोपलीतले दोन बांगडेही सारखे नसतात. तेव्हा किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात प्रमाण ही शेवटची पायरी आहे, आणि आमच्या छापील आणि चित्रित कृती तिथूनच सुरू होतात. त्याआधी आजी जे करायची ते कोणी लिहीत नाही, कारण ते करताना ती नुसती बघत असते.

ती काय बघायची ते आता रेकॉर्डिंगमधून मला थोडं थोडं लागतंय. बांगडा काठीसारखा ताठ आहे का, कल्ले लाल आहेत की तपकिरी, डोळा फुगीर आहे की आत गेलाय. ताठ आणि तेलकट असेल तर तिखलं. लाल मिरची आणि हळद वाटलेली, आमसुलं, थोडं पाणी, वरून कच्चं खोबरेल आणि ठेचलेली तिरफळं. कांदा नाही, लसूण नाही, खोबरंही आमच्याकडे नाही. तिरफळ ही सिचुआन मिरीची चुलत बहीण. बी काढून नुसतं टरफल ठेचायचं, भाजायचं-वाटायचं नाही. जिभेला किंचित मुंग्या येतात आणि बांगड्याचा तेलकटपणा त्या मुंग्यांत विरतो. म्हणून ते बांगड्याला, तारल्याला, पेडव्याला. पापलेटला आजी तिरफळ लावू द्यायची नाही. “तेका कित्याक? तो गरीब मासो,” म्हणायची. गरीब म्हणजे सौम्य. किमतीने तो गरीब कधीच नव्हता.

बांगडा दुपारपर्यंत राहिला असेल तर तिखलं रद्द, मग तो तळायचा आणि तिखट वाढवायचं. अजून राहिला तर मीठ लावून उन्हात. बांगड्याच्या जातीचा मासा उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही, हे मी नंतर वाचलं. आजीला शब्द माहीत नव्हता, वेळ माहीत होती.

आणि मसाला? तो होताच. पण कशाला होता ते बघण्यासारखं आहे. कोंबडीला, मटणाला, शिवराकाच्या दिवशी काळ्या वाटाण्याच्या सांबाराला, आणि माशांत मुख्यतः मोरीला. मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्या मांसात युरिया असतो, मासा मेल्यावर त्याचा अमोनिया होतो, आणि तो वास चुलीवरही सहज जात नाही. म्हणून मोरीला भाजलेलं कांदा-खोबरं, लसूण, आणि बरणीतला मसाला. आमच्या घरात मसाल्याचा अर्थ ‘हा पदार्थ मालवणी आहे’ असा नव्हता. ‘या जिनसाला वास आहे किंवा तो चिवट आहे’ असा होता. ताज्या सुरमईला तो लावणं म्हणजे बरी असलेल्या माणसाला औषध पाजणं. हॉटेलात मात्र सुरमईलाच तो सगळ्यात जास्त असतो, कारण ती बर्फात किती दिवस होती ते झाकायचं असतं. म्हणजे तिथेही मसाला त्याचं जुनं काम इमानदारीने करतोय, फक्त आपण त्याला संस्कृती म्हणून पैसे देतो.

हे सगळं मला फोनवर बसून कळलं असतं तर बरं झालं असतं. पण आधी मी एक रोहू वाया घालवला. मंगळवारी बाजारातून दीड किलोचा आणला. समुद्राचे मासेही तिथे मिळतात, पण ते बर्फातून आलेले. रोहू निदान त्या दिवशी ताजा होता. शीट उघडली, तिखल्याची ओळ काढली, गावाहून आणलेली तिरफळं घातली, आमसुलं घातली, आणि हो, ‘ऐच्छिक’ दोन चमचेही घातले. भांड्यातून तळ्याच्या गाळाचा वास येत होता आणि त्यावर तिरफळाच्या मुंग्या. निम्मा टाकून दिला. चवीपेक्षा अपमान जास्त वाटला.

आईला फोन केला. मी कृती सांगायला लागलो तर तिने तोडलं. “मासो कसो हा ता आधी सांग. वास कसलो येता?” मातीचा, म्हटलं. “मगे मोरीसारखो कर तेका. तिरफळ नको.”

आईने जन्मात रोहू शिजवलेला नाही. आचऱ्यात कोण शिजवणार? पण तिला एका वाक्यात उत्तर सापडलं, कारण तिचा प्रश्न बरोबर होता. पुढच्या रविवारी तुकड्यांना हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ लावून ठेवला. तळ्यातल्या माशाला येणारा तो वास जिओस्मिनचा, म्हणजे पहिल्या पावसात मातीला येतो त्यातलाच. आंबटाने तो मोडतो. मग धुऊन, तळून, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याच्या वाटपात बरणीतल्या मसाल्यासकट टाकला. उत्तम झाला. शेजारच्या काकूंना वाटीभर दिला. संध्याकाळी वाटी परत करताना त्या म्हणाल्या, “हे तं आमच्यासारखंच लागून राह्यलं.”

मित्र निम्मा बरोबर होता तो असा. सावजी हे हलबा कोष्टी विणकरांचं घरचं जेवण. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, मागावर दिवसभर बसणाऱ्या लोकांचं. त्यात खूर असतो, मटणाचे चिवट भाग असतात, आणि त्यांना लागतो तो काळा, भाजलेला, दाट मसाला. मालवणी मसाला जिथे उभा आहे तिथे आम्ही आणि ते खरंच शेजारी आहोत: गिरणीतला कामगार आणि मागावरचा कोष्टी, दोघेही सुताच्या धंद्यातले. सावजीचंही पुढे आमच्यासारखंच झालं. आज नागपुरात जागोजागी सावजी भोजनालयाचे बोर्ड आहेत आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याला त्याबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते की ते किती तिखट असतं. काकूंकडचा डाळकांदा आणि पाटोडी रस्सा मी खाल्लाय. तिखट हा त्यातला फार तर तिसरा शब्द आहे.

पण जिथे मसाला नाही तिथे आमचं-त्यांचं काही नातं नाही, आणि मालवणी जेवणाचा मोठा भाग तिथे आहे. सकाळची उकड्या तांदळाची पेज आणि बरोबर भाजलेला खारा बांगडा. कुळथाची पिठी, जी दिसायला इतकी करडी आणि पातळ असते की तिचा रील कोणी करणार नाही. लसूण, आमसूल, गरम भात, आणि चुलीत भाजून चुरलेलं सुकट. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हीच पिठी दिवसाआड. टाकळ्याची भाजी पहिल्या पावसाची, अळूचं फदफदं. शिरवाळे आणि नारळाचा गूळ घातलेला रस. सोलकढी मेनूवर आहे खरी, पण बऱ्याच ठिकाणी तिचा गुलाबी रंग बघून मला बीटाची शंका येते. आगळ घातलेल्या सोलकढीचा रंग इतका आनंदी नसतो.

यातलं पिठी-पेज मेनूकार्डावर का नाही याचं उत्तर चवीत शोधू नये. ते गरिबीचं जेवण आहे. माझ्या आजोबांच्या पिढीला पिठीचा कंटाळा होता, कारण दुसरं काही नसायचं म्हणून ती असायची. मी पिठीबद्दल हळवा होतो हे ऐकून बाबा हसतात. “दोन महिने रोज खाऊन बघ,” म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. ते ताट हॉटेलात अडीचशे रुपयांना मिळावं अशी माझीही इच्छा नाही. पण ‘मालवणी’ म्हणून जे लिहिलं-दाखवलं जातं त्यात फक्त पाहुण्यांचं ताट असावं, आणि लिहिणारा माझ्यासारखा घरातलाच असावा, हे मला आता सहन होत नाही.

शीट मी पुन्हा करायला घेतली आहे. ‘प्रमाण’ हा रकाना काढून टाकला. सुरुवातीला ‘मासा कसा आहे’ असा रकाना घातला आणि प्रत्येक पदार्थ दोन-तीन ओळींत फोडला: ताजा असेल तर, दुपारचा असेल तर, वास असेल तर. डेटाबेस म्हणून हे भयंकर आहे, अर्ध्या खणांत ‘बघ’ एवढंच लिहिलंय. रोहूची ओळही घातली आहे, मोरीच्या खाली. आत्याला सांगितलंय की प्रिंट फाडून टाक.

एक ओळ अडली आहे. पेडवे. रापणीला येणारा बोटाएवढा मासा. सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. लहानपणी मीही दोर धरलाय आणि पिशवीभर पेडवे घेऊन घरी पळालोय. आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये पेडव्यांचा विषय निघतो तेव्हा मागे कुकरची शिट्टी होते, मी “थांब थांब” म्हणतो, आणि मग माझीच मीटिंग सुरू होते. नंतर मी ते पुन्हा विचारलंच नाही. पर्ससीनच्या जाळ्यांवर सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी पर्ससीन आणि एलईडीच्या बोटींवरून मालवणात भांडणं चालूच आहेत, आणि आमच्या बाजूला रापण पूर्वीसारखी लागत नाही असं बाबा सांगतात.

आईला विचारलं, पेडव्यांचं कसं करायचं ते सांग, मी लिहून घेतो. तिला तोंडी सांगायला जमेना. हातात घेतल्याशिवाय आठवत नाही म्हणाली. “गावले काय सांगतंय.”

त्याला आता चार महिने झाले.